शुभेच्छुकांच्या तोंडावर मेंढरं

मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर साहेबरावांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. तिथं ज्ञानेश्वरी रोज दुपारी कॉलेज सुटलं की संगणकापुढं बसून शहरातल्या होतकरू माणसांना गोरं करायची.

होतकरू म्हणजे कोण, याची तिची व्याख्या साधी होती: ज्याचं अजून काहीच झालेलं नाही, पण वाढदिवस मात्र दरवर्षी होतो, तो होतकरू. असा माणूस मित्राच्या मोबाईलमधला फोटो घेऊन यायचा आणि म्हणायचा, "ताई, थोडं सेटिंग करा." सेटिंग म्हणजे रंग उजळ, पोट आत, गळ्यात आहे त्याहून जाड साखळी, आणि कानाला मोबाईल. ज्याला घरचेसुद्धा फोन करत नसत, तोही फ्लेक्सवर फोनवर बोलत असायचा. कुणाशी बोलतोय, हे ज्ञानेश्वरीला लई दिवस कोडं होतं. मग तिनं विचारणं सोडून दिलं आणि नुसतं गोरं करणं चालू ठेवलं.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल, हे नळ सोडणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. पण शहर काही थांबायला तयार नव्हतं. तलावाच्या अंगाला इमारती उठत होत्या आणि खिडकीतून तलाव दिसेल म्हणून फ्लॅट विकले जात होते. त्या जाहिरातीचा फ्लेक्सही ज्ञानेश्वरीनंच केला होता. तलावात पाणी तिनंच भरलं होतं. निळा रंग निवडला आणि ओतला, काही अवघड नव्हतं.

अशा कामानं माणूस एकतर कलावंत होतो नाहीतर कुत्सित. ज्ञानेश्वरीचा कल कुत्सितपणाकडं होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल तिच्याकडं वेगळ्या प्रतीची तुच्छता होती. नगरसेवकाच्या कार्यकर्त्यासाठी मध्यम, क्लासवाल्या सरांसाठी जरा वरची, आणि सगळ्यात अस्सल, राखून ठेवलेली, ती फॅन लोकांसाठी. तिचं म्हणणं असं, की कार्यकर्त्याला निदान उद्या रस्त्याचं काम मिळायची आशा तरी असते. फॅनला काय मिळतं? ज्याच्यासाठी तो रस्त्यावर नाचतो त्याला याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि कळवलं तरी ऐकायला वेळ नाही. फुकटात एवढं वेडं व्हायचं म्हणजे अंगात काहीतरी कमतरता पाहिजे.

त्या कमतरतेचा जिल्हाध्यक्ष होता सत्यम.

शौर्यराज नावाचा एक नट होता. तो सिनेमात धावती जीप एका हातानं थांबवायचा आणि दुसऱ्या हातानं मिशी नीट करायचा. त्याच्या 'उभा राहा, आलोच' या सिनेमात तर तो दुष्काळी गावात येऊन जमिनीवर लाथ मारतो आणि तिथून पाण्याचा फवारा उडतो. मराठवाड्यात हा सिनेमा धो धो चालला. धो धो चालणारी दुसरी कुठली गोष्ट त्या वर्षी नव्हती. ज्ञानेश्वरीचे चुलते, भिकनकाका, यांनी तो सीन कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिला आणि एवढंच म्हणाले, "ह्या माणसाला आपल्या हिरीकडं धाडा की एकदा."

तर सत्यम हा 'शौर्यराज फॅन्स असोसिएशन'चा जिल्हाध्यक्ष. त्याच्या वडिलांची, बद्रीनाथरावांची, जमीन प्लॉटिंगमध्ये गेली, तेव्हापासून घरात कुणाला काही करायची निकड उरली नव्हती. सत्यमचे इंजिनिअरिंगचे काही विषय राहिले होते आणि ते राहण्यातच सुखी होते. अंगानं तो भरदार होता. भरदार हा शब्द त्याच्या आईचा. ज्ञानेश्वरीकडं दुसरा होता. प्रत्येक सिनेमागणिक तो शौर्यराजसारखे केस कापायचा, त्यामुळं वर्षातून तीन वेळा त्याचं डोकं बघवत नसे. आणि काही काम नसलं तरी तो दुकानात यायचा.

"मॅडम, सरांच्या मिशीचं उजवं टोक जरा खाली वाटतंय."

"सरांचंच खाली आहे, दादा."

'दादा' हा शब्द ज्ञानेश्वरी विचारपूर्वक वापरायची. समोरच्याच्या मनात काही उगवायला लागलं, की त्यावर हा शब्द टाकायचा. तणनाशकानं गवत जळतं तसं जळतं. सत्यमवर तिनं तो इतक्या वेळा टाकला होता की जमीन नापीक व्हायला हवी होती. पण तो गोगल डोक्यावर सरकवून, खुर्ची ओढून बसायचाच. साहेबराव मशीनच्या आडून हसायचे. "बसू दे गं. एसी नाही आपल्याकडं, तरी बसतो म्हणजे बघ."

शौर्यराजचा वाढदिवस आला तसा असोसिएशननं चौकासाठी वीस बाय तीसचा फ्लेक्स सांगितला. मधोमध शौर्यराज, लाथ उगारलेली, मागं समुद्राएवढं पाणी. खाली पट्टीत शुभेच्छुकांचे चेहरे, गोलात. फ्लेक्सचा खरा जीव या पट्टीत असतो, हे ज्याला कळत नाही त्यानं या धंद्यात पडू नये. वर कोण आहे ते कुणी बघत नाही. प्रत्येक जण येतो, आपला गोल शोधतो, मग शेजारच्याचा गोल बघतो, आणि मग भांडणाला सुरुवात होते.

तसंच झालं. फ्लेक्स छापून, वाळून, दुकानासमोर पसरला, तेव्हा खजिनदार अजिनाथच्या लक्षात आलं की उपाध्यक्ष हनुमानचा गोल आपल्या गोलापेक्षा बोटभर मोठा आहे.

"असोसिएशनचा सगळा व्यवहार मी बघायचा," अजिनाथ रस्त्यावर उभा राहून म्हणाला, "आणि ह्याचं थोबाड मोठं?"

"मुळातच मोठंय त्याचं," कुणीतरी म्हणालं.

"अबे, मग मला कायको सांगता? आईला विचारा माझ्या," हनुमान म्हणाला.

पंचवीस-तीस पोरं टळटळीत उन्हात, घाम गाळत, गोलांवर सुतळी धरून मोजत उभी राहिली. ज्ञानेश्वरी दारात टेकून बघत होती. असं दृश्य रोज मिळालं तर पगार नसला तरी चालेल, असं तिला वाटलं. शेवटी ठरलं: फ्लेक्स नवा छापायचा, सगळे गोल सारखे, अध्यक्षाचा तेवढा थोरला. आणि हा झालेला फ्लेक्स वाया.

इथं ज्ञानेश्वरीचं मन पहिल्यांदा फ्लेक्सकडं वळलं.

भिकनकाका त्या महिन्यात खुलताबादच्या बाजूनं मेंढरं घेऊन खाली उतरले होते. तिकडं चारा नव्हता, पाणी नव्हतं; इकडंही नव्हतं, पण इकडं टँकर फिरत होते. हर्सूलच्या पुढं कुणा पुण्याच्या माणसाचं प्लॉटिंग पडून होतं. पांढरे दगड रोवलेले, त्यांच्यामध्ये वाळलं गवत. तिथं काकांनी जाळीची वाघर लावून मेंढरं बसवली होती. सोबत ज्ञानेश्वरीची आजी, पुतळाबाई. मेंढरांसाठी काकांनी खड्डा खणला, पण मुरमाड जमीन. ओतलेलं पाणी बघता बघता आत जायचं. चांगला एडका विकून त्यांनी टँकर ठरवला होता आणि आता त्यांना खड्ड्यात अंथरायला मोठा, न फाटणारा कागद पाहिजे होता.

"दादा," ज्ञानेश्वरी म्हणाली, "तो वाया गेलेला फ्लेक्स मी नेऊ का?"

सत्यमनं गोगल काढला. पूर्ण काढला, डोक्यावरसुद्धा ठेवला नाही.

"तुम्हाला पाहिजे? सर?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्णच. कापून नको."

"मग तुम्ही… कधी बोलल्या नाहीत."

"काय बोलायचं त्यात."

"खरंय," सत्यम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खऱ्या माणसाला बोलायची गरज नसते. आमचेच येडे बोंबलत फिरतात." मग जरा थांबून, "घरात मावणार नाही मॅडम, केवढा तो."

"मोकळ्या जागेत लावणार आहे."

एक अक्षरही ती खोटं बोलली नव्हती. याचं तिला त्या दिवशी कौतुकच वाटलं. फॅनच्या डोक्यात गोष्ट कशी शिरते ते तिनं अचूक ओळखलं होतं: वीस बाय तीसचा शौर्यराज एखादी पोरगी मागते आहे, तर तिला तो पूजायला सोडून आणखी कशाला हवा असेल? मेंढी हा प्राणी सत्यमच्या कल्पनेत नव्हताच. रिक्षात फ्लेक्सची वळकटी दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती, सत्यमनं स्वतः ती दोरीनं बांधली, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "आरामसे ने भाई, सर आहेत आत."

दुसऱ्या दिवशी नव्या पट्टीसाठी फोटो आले. ज्ञानेश्वरी एकेक गोल भरत गेली आणि एका गोलापाशी थांबली. तो फोटो तिचा होता. तिच्या व्हॉट्सॲपवरचा, मावसबहिणीच्या लग्नातला. खाली लिहायचं होतं: 'महिला आघाडी प्रमुख'.

साहेबरावांनी मान वाकवून वाचलं आणि खुर्चीचा दांडा धरून हसले. "अभिनंदन, प्रमुख."

"काढून टाकते."

"टाक की. मग तो विचारंल, का काढला? मग फ्लेक्स कशाला नेला?"

काकांच्या खड्ड्यात पाणी कालच पडलं होतं. ज्ञानेश्वरीनं दात आवळून स्वतःला गोलात बसवलं. जी पोरगी शहरभर फॅन लोकांना हसत होती, ती आता चौकात वीस फुटांवर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार होती. पण एक तत्त्व म्हणून तिनं ठरवलं, की स्वतःला गोरं करायचं नाही.

थोडंसं केलं.

वाढदिवस रविवारी आला. सकाळीच ज्ञानेश्वरी आजीच्या गुडघ्याचं तेल आणि भाकरी घेऊन हर्सूलच्या पुढं गेली होती. काकांचा खड्डा बघून तिला बरं वाटलं. काका विचारी माणूस. शाई पाण्यात उतरायला नको म्हणून त्यांनी छापलेली बाजू खाली घातली होती. त्यामुळं महाराष्ट्राचा लाडका शौर्यराज टँकरभर पाण्याखाली, पालथा, मातीत तोंड खुपसून निजला होता. फ्लेक्सचा खालचा भाग खड्ड्याच्या काठावर दुमडून, वरून दगड ठेवले होते. दुमडल्यामुळं तेवढी पट्टी उलटून वर आली होती. म्हणजे शुभेच्छुकांची सगळी तोंडं आभाळाकडं बघत काठावर ओळीनं पडली होती, आणि मेंढरं पाणी प्यायला त्यांच्यावर उभी राहत होती. खजिनदाराच्या डोळ्यांत लेंड्या होत्या. अध्यक्षाच्या गालावर एक कोकरू बसून रवंथ करत होतं.

"आज्जे, ही माणसं वळखतेस का?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"कशाला वळखू? पाय पुसायला बरी हायत," पुतळाबाई म्हणाली.

तेवढ्यात हॉर्न ऐकू आले. आधी वाटलं पाण्याचा टँकर. पण टँकरमागून गाणं येत नाही. प्लॉटिंगच्या कच्च्या रस्त्यावरून धुरळा उडवत पाच-पंचवीस मोटारसायकली आल्या, त्यांच्यापुढं सत्यमची जीप. जीपवर झेंडा, मागं स्पीकर, आणि पोरांच्या मांडीवर दुधाचे कॅन.

काय झालं होतं, ते ज्ञानेश्वरीला तिथल्या तिथं कळलं. चौकातल्या फ्लेक्सला दुधाचा अभिषेक करायच्या आधी 'प्रमुख' मॅडमच्या सरांनाही अभिषेक घालावा, त्यांना अचानक खूश करावं, असं सत्यमच्या मनात आलं असणार. मुकुंदवाडीला घरी जाऊन विचारलं असणार आणि आईनं भाबडेपणानं सांगितलं असणार: ते मोठं कापड ना, ते भिकनभाऊजींकडं नेलं.

सत्यम उतरला. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, शौर्यराजसारखी. हातात कॅन.

"मॅडम! सरप्राईज! सर कुठंयत?"

ज्ञानेश्वरी काठाच्या आड येऊन उभी राहिली. तिच्याऐवजी पुतळाबाई बोलली.

"कोण रं ही? वऱ्हाड हाय का?"

"फोटूतली माणसं दिसत्यात, आई," भिकनकाका म्हणाले.

पुतळाबाईनं कपाळावर हात धरून आधी पोरांकडं बघितलं, मग काठाकडं. "व्हय की! ह्यो बारका तर आपल्या काळ्या मेंढीच्या पायाखालचा!"

तो बारका म्हणजे अजिनाथ. तो पुढं आला, आणि त्यानं काठावर आपलं तोंड बघितलं. मग हनुमाननं आपलं बघितलं. मग एकेक जण पुढं येऊन आपला गोल शोधायला लागला. स्पीकरवर गाणं चालूच होतं, ते कुणीतरी बंद केलं.

"हा," अजिनाथ म्हणाला, "सरांचा अपमान आहे."

"सर खाली आहेत," ज्ञानेश्वरी म्हणाली. "त्यांच्या अंगाला काही लागलेलं नाही. वर आहात ते तुम्ही."

"आमच्या भावना सरांशी जोडलेल्यायत!"

"मग पुसा की भावना. तिथं चिंधी आहे."

हे बोलायला नको होतं. पण सवय. अजिनाथ लाल झाला. तशी त्याची अध्यक्षपदावर पहिल्यापासून नजर होती, आणि अध्यक्षाची लाडकी प्रमुख अशी पुराव्यासकट सापडणं म्हणजे त्याला वाढदिवस त्याचाच वाटला असेल. "फ्लेक्स काढा," तो ओरडला. "आत्ता काढा. आणि व्हिडिओवर हात जोडून माफी मागा."

"माफी मागतो की बाबा, दहादा मागतो," भिकनकाका पुढं आले. "पर कापड नगं काढू. पाणी हाय त्यात. एडका इकून टँकर आणलाय. फुडला मिळंल का नाय, त्याचा भरवसा नाय. हे गेलं तर जनावर मरंल रे."

"पाण्याचं आम्हाला नका सांगू. आमचे सर एका लाथेत पाणी काढतेत!"

"मंग आणा की त्यांस्नी," काका कळवळून म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं अजिनाथचं उरलंसुरलं डोकं गेलं. त्यानं वाकून काठावरचा एक दगड भिरकावला. हनुमाननं दुसरा. चार-पाच पोरांनी फ्लेक्सची कड धरली आणि ओढली. एक कोपरा वर आला, शौर्यराजचा एक चिखलानं माखलेला बूट दिसला, आणि त्याच्याखालून पाणी खड्ड्यातून सुटून मुरमावर धावत सुटलं. जमिनीनं ते आवाजसुद्धा न करता पिऊन टाकलं. मेंढरं ओरडायला लागली.

सत्यम अजून तिथंच उभा होता, कॅन धरून.

"मॅडम, तुम्ही तर म्हणाल्या होत्या, मोकळ्या जागेत लावणार."

"लावलाय की."

"म्हणजे तुम्ही फॅन नाहीत?"

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्ञानेश्वरीच्या डोक्यात त्या क्षणी उत्तर तयार होतं, आणि ते झकास होतं. ती म्हणू शकली असती: हा अपमान नाही, हा जलाभिषेक आहे, दुष्काळातली मुकी जनावरं रात्रंदिवस सरांना घालतायत. ही गर्दी ते गिळून, वर हार घालून, घोषणा देत परत गेली असती. या लोकांना काय विकायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं त्यांना समुद्र विकला होता. तोंड उघडलंही तिनं. पण समोर सत्यम गोगल न लावता उभा होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते तिला पुसता येण्यासारखं नव्हतं. आपण फॅनला हसत होतो, आणि त्याचं फॅनपण आपणच फुकटात वापरलं, हे तिला तेव्हाच कळायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला तो माणूस कधीच आवडला नाही. मी तुम्हाला फसवलं. पण पाणी जाऊ देऊ नका."

सत्यमनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कोपऱ्यातल्या बुटाकडं. मग कॅन खाली ठेवला, चालत गेला, पोरं ओढत होती त्याच कडेवर, त्या नव्या पांढऱ्या कपड्यांत, चिखलात आणि लेंड्यांत, मांडी घालून बसला. बरोबर आपल्या गोलावर.

"ओढा," तो म्हणाला.

पोरांनी ओढलं. काही हाललं नाही. परत ओढलं. बद्रीनाथरावांच्या घरचं लहानपणापासूनचं तूप, खवा, बुंदी, जे काही त्या देहात साठलं होतं, ते सगळं त्या दिवशी कामाला आलं. कोपरा खाली बसला. पाणी थांबलं.

"अध्यक्ष, उठा!" अजिनाथ ओरडला. "सर वरून बघतायत!"

"खालून बघतायत," सत्यम म्हणाला. "मी त्यांच्यावरच बसलोय. येतोस शेजारी?"

भिकनकाका त्याच्या डाव्या अंगाला बसले. पुतळाबाई गुडघा धरत, कुणाला तरी शिव्या देत, उजव्या अंगाला बसली. ज्ञानेश्वरीही बसली, हनुमानच्या कपाळावर. ते चौघं असे बसलेले बघून मेंढरं धीट झाली आणि त्यांच्या खांद्यांवरून माना घालून पाणी प्यायला लागली.

अशा माणसांविरुद्ध घोषणा देता येत नाहीत. अजिनाथनं प्रयत्न केला, पण 'मुर्दाबाद' म्हणायला समोर एक म्हातारी होती, आणि ती "जोरात म्हण, ऐकू नाय येत" असं म्हणत होती. शेवटी त्यानं तिथंच, मोटारसायकलवर उभं राहून, सत्यमला असोसिएशनमधून काढल्याचं जाहीर केलं, स्वतःला अध्यक्ष नेमलं, त्याचा व्हिडिओ काढला, आणि सगळे चौकाकडं गेले. तिथं त्यांनी फ्लेक्सवर दूध ओतलं. उन्हानं ते नासलं आणि दोन दिवस त्या चौकात माणसं नाक धरून जात होती.

इकडं जीप आणि एक कॅन मागं राहिला.

"त्यात काय हाय रं?" पुतळाबाईनं विचारलं.

"दूध. अभिषेकाचं."

"मंग आण हिकडं. मेंढ्या आटल्यात. कोकरांना पाजू."

सत्यम उठला. त्याच्या पांढऱ्या पॅन्टच्या मागं त्याच्याच गोलाचा मातकट ठसा उठला होता. ज्ञानेश्वरीला हसू आलं. तिनं ते, आयुष्यात पहिल्यांदाच, गिळलं.

राहिलेल्या पाण्यावर मेंढरांचे दिवस निघाले. त्यानंतर दोन खेपा ट्रॅक्टरनं पाणी आलं. ते बद्रीनाथरावांच्या बोअरचं होतं, आणि ते कुणी पाठवलं, हे बद्रीनाथरावांनाही माहीत नव्हतं.

आठवड्यानं अजिनाथ दुकानात आला. नवा सिनेमा लागणार होता, नवा फ्लेक्स पाहिजे होता.

"जुनीच फाईल घ्या. हा गोल काढा," त्यानं सत्यमवर बोट ठेवलं. "त्या जागी मी. थोडं सेटिंग करा." मग ज्ञानेश्वरीच्या गोलाकडं बोट नेलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "आणि ह्या मॅडमला पण काढा."

"काढते, दादा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

तिनं स्वतःला काढलं. मग सत्यमचा गोल उघडला. आधी गोगल पुसला गेला, मग तिनंच दिलेला गोरेपणा, मग तिनंच बारीक केलेली मान; आणि खाली मूळ फोटो उरला. उन्हानं बारीक झालेले डोळे, कानाशेजारी तीळ, बिनमोबाईलचा कान. इतके दिवस या तोंडावर काम करून तिनं ते बघितलंच नव्हतं. अजिनाथला तिनं इतकं गोरं केलं की त्याचं नाक दिसेना. तो खूश होऊन गेला.

संध्याकाळी सत्यम आला. केस वाढले होते, कुठल्याच सिनेमातले वाटत नव्हते.

"काय काम होतं, दा—" ज्ञानेश्वरी म्हणाली आणि थांबली.

"काम नाही." तो खुर्ची न ओढता उभा राहिला. "तुम्ही मला येडा समजता ना?"

"हो."

"आता पण?"

"आता पण."

"बरं," तो म्हणाला. त्याला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. "शुक्रवारी सरांचा पिक्चर लागतोय. दोन तिकिटं काढलीत."

"अजून सर? त्यांच्यापायी पद गेलं तुमचं. त्या माणसाला माहीत तरी आहे का तुम्ही कोण ते?"

"त्यांना कशाला माहीत पाहिजे?" सत्यम म्हणाला. "आवडायला मला ते आवडतेत ना. त्यात त्यांचं काय काम?"

ज्ञानेश्वरीनं उत्तरासाठी आपल्या तुच्छतेच्या साठ्यात हात घातला. मध्यम, वरची, अस्सल. कुठलीच हाताला लागली नाही. मशीनच्या आडून साहेबराव खोकले.

"मी हसणार," ती म्हणाली. "सबंध पिक्चरभर."

"हसा की."

ती हसलीही. शौर्यराजनं हेलिकॉप्टरला दोरी बांधून ते गोठ्यात ओढलं तेव्हा हसली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला तेव्हा जास्त हसली. पुढच्या रांगेत अजिनाथ आणि मंडळी कागदाचे कपटे उधळत होती. मध्यंतरानंतर तो सीन आला, जो प्रत्येक सिनेमात असतोच: भेगाळलेली जमीन, गाव गोळा झालेलं, आणि शौर्यराजनं पाय उचलला. थिएटर उठून उभं राहिलं. पाय खाली आला. पडदाभर पाणी.

ज्ञानेश्वरीनं शेजारी बघितलं. सत्यम दोन्ही हात मांडीखाली दाबून, ओठ आवळून, समोर बघत बसला होता. तिच्यासाठी. मान लाल झाली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. पडद्यापेक्षा ते बघण्यासारखं होतं.

"मार," ती म्हणाली.

"काय?"

"शिट्टी. मार एकदाची, सत्यम. गुदमरशील."

सत्यम वळून तिच्याकडं बघायला लागला. बोटं तोंडाकडं निघाली होती, ती मधेच राहिली. नुसता बघत राहिला, येड्यासारखा, तोंड उघडं टाकून. आणि तेवढ्यात पडद्यावरचं पाणी संपून गाणं सुरू झालं.